टायडलसायकल्स आणि एडिटरमधलं प्लगइन: ओळ लिहिल्यापासून ठेका वाजेपर्यंत काय घडतं

एका साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये एक ओळ लिहायची, शिफ्ट धरून एंटर दाबायचं आणि स्पीकरमधून ठेका सुरू. ठेका चालू असतानाच त्या ओळीतला एक शब्द बदलायचा, पुन्हा तीच कळ दाबायची, आणि वाजतं संगीत तिथल्या तिथे बदलतं. याला लाइव्ह कोडिंग म्हणतात. कार्यक्रमात वादक आपला पडदा प्रोजेक्टरवर लावतो, म्हणजे ऐकणाऱ्याला प्रत्येक बदल लिहिला जाताना दिसतो. २००४ मध्ये हॅम्बुर्गला सुरू झालेल्या टॉपलॅप या गटाने पडदा दाखवण्याचा आग्रह पहिल्यापासून धरला.

या कामासाठी सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या साधनांपैकी एक म्हणजे ॲलेक्स मॅक्लीन यांनी बनवलेलं टायडलसायकल्स. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि आपल्याकडे ताल शिकलेल्या माणसाला त्यातल्या कितीतरी गोष्टी ओळखीच्या वाटतील. पण नवशिक्याचा पहिला आठवडा बहुधा ‘आवाज का येत नाही’ यातच जातो. एडिटरमधलं प्लगइन (एडिटरला जोडायचा छोटा पूरक प्रोग्रॅम) हेच वाद्य आहे असं तो धरून चालतो, तिथे घोटाळा होतो. प्लगइन हा निरोप्या आहे. आवाज तो करत नाही, ताल मोजत नाही, तुम्ही लिहिलंय ते बरोबर की चूक हेही त्याला कळत नाही.

निरोप जातो तो असा. तुम्ही कळ दाबली की प्लगइन कर्सरजवळचा मजकूर उचलतं आणि मागे चालू असलेल्या जीएचसीआय नावाच्या प्रोग्रॅमला देतं. जीएचसीआय म्हणजे हॅस्केल भाषेचा दुभाष्या. टायडल ही त्याच हॅस्केलमधली लायब्ररी, आणि कुठला बोल कधी वाजायचा याचा सगळा हिशोब ती करते. हिशोब झाला की ‘अमुक क्षणी, अमुक नमुना (रेकॉर्ड केलेला छोटा आवाज, म्हणजे सॅम्पल), इतक्या जोरात’ असे छोटे संदेश ती कॉम्प्युटरच्या आतल्याच नेटवर्कवरून, ५७१२० क्रमांकाच्या पोर्टवर पाठवते. तिथे सुपरकोलायडर हा प्रोग्रॅम कान लावून बसलेला असतो. जेम्स मॅकार्टनी यांनी तो १९९६ मध्ये आणला, २००२ पासून तो मुक्त स्रोत आहे. त्याच्या आत सुपरडर्ट नावाचा भाग चालतो, आणि खरा आवाज तयार होतो तो तिथे.

ही साखळी डोक्यात पक्की असली की चूक कुठे शोधायची ते कळतं, कारण प्रत्येक कडी आपली तक्रार वेगळ्या खिडकीत लिहिते. हॅस्केलला व्याकरण पटलं नाही तर एडिटरच्या खालच्या टर्मिनलमध्ये एरर येतो. नमुन्याचं नाव चुकलं तर तिथे अवाक्षर येत नाही. टायडलला नावाशी कर्तव्य नसतं, ते जसंच्या तसं पुढे पाठवलं जातं. तक्रार उमटते सुपरकोलायडरच्या पोस्ट विंडोत, म्हणजे त्याच्या संदेशांच्या खिडकीत: या नावाचा सिंथ (प्रोग्रॅमने तयार केलेला आवाज) किंवा सॅम्पल सापडला नाही. म्हणून सराव करताना दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी उघड्या ठेवा.

वेळ कशी पाळली जाते हेही याच साखळीतून समजतं. टायडल संदेश आयत्या वेळी पाठवत नाही. थोडा आधी पाठवतं आणि त्यावर वाजण्याची नेमकी वेळ लिहून देतं. सुपरकोलायडर त्या वेळेपर्यंत थांबतं. मधे कॉम्प्युटर क्षणभर दुसऱ्या कामात अडकला तरी ठेका डळमळत नाही. संदेश पोचेपर्यंत त्याची वेळच उलटून गेली असेल, तर पोस्ट विंडोत ‘लेट’ हा शब्द आणि पुढे किती सेकंद उशीर तो आकडा दिसायला लागतो. अशा वेळी सुपरकोलायडरमधली लेटन्सी, म्हणजे आधी राखून ठेवलेला वेळ, वाढवायची. सुपरडर्टबरोबर उदाहरण म्हणून येणाऱ्या स्टार्टअप फाइलमध्ये ती ०.३ सेकंद असते, जुन्या मशिनवर ०.५ करून पाहा. याची किंमत म्हणजे कळ दाबल्यापासून बदल कानावर पडेपर्यंत तेवढा वेळ जातो. म्हणून या पद्धतीने बोटांनी वाजवल्यासारखं एकेक ठोका देता येत नाही. इथे आवर्तन लिहायचं असतं.

बसवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी सुपरकोलायडर, मग गिट (सुपरडर्ट उतरवून घेताना सुपरकोलायडर गिटच वापरतं), मग सुपरडर्ट, मग जीएचसीअप या इन्स्टॉलरमधून हॅस्केल, मग कॅबल या हॅस्केलच्या लायब्ररी बसवणाऱ्या साधनाने टायडल लायब्ररी, आणि सगळ्यात शेवटी एडिटर व प्लगइन. कॅबलच्या आज्ञेत शेवटी दोन आडव्या रेघांपुढे ‘लिब’ लिहायला विसरू नका. तेवढं राहिलं तर जीएचसीआयला टायडल दिसत नाही, आणि पहिल्याच ओळीला ‘मॉड्यूल सापडलं नाही’ असं उत्तर येतं.

एडिटर कुठलाही चालतो. व्हीएस कोड, पल्सार, विम, ईमॅक्स, सगळ्यांसाठी प्लगइन आहेत. जुन्या व्हिडिओंत ॲटम दिसतो, पण गिटहबने तो १५ डिसेंबर २०२२ रोजी बंद केला. पल्सार हा त्याच्याच कोडवर उभा राहिलेला पुढचा एडिटर. नव्याने सुरुवात करणाऱ्याने व्हीएस कोड घ्यावा असं आमचं मत आहे. फाइल मात्र आधी सेव्ह करायची आणि तिच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन ‘टायडल’ लिहायचं. नाव न दिलेल्या कोऱ्या फाइलमध्ये प्लगइन जागंच होत नाही, आणि कितीही वेळा एंटर दाबलं तरी फक्त नवी ओळ येते. तरीही काही होत नसेल तर दुसऱ्या एखाद्या प्लगइनने हीच कळ आधी बळकावलेली नाही ना, ते शॉर्टकटच्या यादीत पाहा.

रोज बसताना आधी सुपरकोलायडर उघडून सुपरडर्ट सुरू करा. तो ५७१२० वर ऐकतोय अशी ओळ दिसली की मगच एडिटरकडे वळा. सुपरकोलायडर चुकून दोनदा उघडलं गेलं तर दुसऱ्याला ५७१२१ हा पोर्ट मिळतो, टायडल बोलत राहतं ५७१२० शी, आणि सगळं चालू दिसूनही शांतता असते. दोन्ही बंद करून एकच उघडा.

आता पहिली ओळ. या लेखात कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिला आहे. टाइप करताना अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजीत, आणि जिथे वेगळं सांगितलं नाही तिथे लहान अक्षरांत लिहा. कीबोर्ड मराठीवर राहून गेला तर एकच देवनागरी आकडासुद्धा ओळ मोडतो.

डी१ $ साउंड "बीडी एसएन"

‘डी१’ हा पहिला वादक. असे सोळा मिळतात. अवतरणात आवर्तन: ‘बीडी’ हा बास ड्रम, ‘एसएन’ हा स्नेअर. ही नावं म्हणजे फोल्डरची नावं. सुपरडर्टसोबत दोनशेहून जास्त फोल्डर येतात, आणि त्यांत तबला व सतारसुद्धा आहे. फोल्डरमधली वेगळी फाइल हवी असेल तर नावापुढे कोलन देऊन क्रमांक लिहायचा. मोजणी शून्यापासून. कुठल्या क्रमांकावर काय आहे ते कानानेच ठरवावं लागतं, त्यासाठी ही ओळ चांगली, दर आवर्तनाला एक आवाज ऐकवते:

डी१ $ स्लो ८ $ एन "० .. ७" # साउंड "तबला"

‘#’ चिन्ह पुढची सूचना आधीच्या सूचनेला जोडतं. दोन टिंबांच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची. एक वादक थांबवायला ‘डी१ सायलेन्स’, सगळे एकदम थांबवायला ‘हश’. हश कुठल्याही फाइलच्या वरच्या टोकाला लिहूनच ठेवा. आवाज अंगावर आला की शोधत बसायला वेळ नसतो.

शिफ्ट-एंटर कर्सर असलेली एकच ओळ पाठवतं. कंट्रोल-एंटर (मॅकवर कमांड-एंटर) वरच्या रिकाम्या ओळीपासून खालच्या रिकाम्या ओळीपर्यंतचा सगळा गठ्ठा पाठवतं. विममध्ये हेच काम कंट्रोल-ई करतं. बरेच जण इथे अडखळतात. तुमचा कोड तीन ओळींचा आहे, इफेक्ट खालच्या ओळीवर आहेत, आणि तुम्ही शिफ्ट-एंटर दाबलं: पहिली ओळ बिनतक्रार वाजते, इफेक्ट ऐकूच येत नाहीत, एररही नाही. उलट दोन वादकांच्या ओळींमध्ये रिकामी ओळ सोडली नाही तर कंट्रोल-एंटर दोन्ही एकाच वाक्यासारख्या पाठवतं आणि हॅस्केल रागावतं. गठ्ठ्यातली दुसरी, तिसरी ओळ थोडी आत सरकवून सुरू करायची, हाही हॅस्केलचाच नियम. ती समासाला चिकटली की नवं वाक्य मानली जाते.

आणखी एक चूक इतक्या वेळा होते की वेगळी सांगायला हवी. वर्ड किंवा चॅटमधून कोड चिकटवला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं येतात. डोळ्यांना फरक जाणवत नाही. टर्मिनलमध्ये ‘लेक्सिकल एरर’ आणि पुढे ८२२० हा आकडा दिसला की समजा, हाच दोष. तो त्या वळणदार चिन्हाचा युनिकोड क्रमांक आहे. चिन्हं पुसून एडिटरमध्येच पुन्हा टाइप करा. ‘व्हेरिएबल नॉट इन स्कोप’ असं येऊन पुढे तुम्ही लिहिलेल्या फंक्शनचं नाव असेल तर स्पेलिंग चुकलंय. पण तेच ‘डी१’ बद्दल येत असेल तर टायडलची बूट फाइल (सुरू होताना वाचायची फाइल) वाचलीच गेलेली नाही. प्लगइनच्या सेटिंगमध्ये तिचा पत्ता तपासा आणि एडिटर पुन्हा सुरू करा.

यातला दिलासा असा की हॅस्केलने ओळ नाकारली तरी आधीचं संगीत वाजतच राहतं. शंभर माणसांसमोर कंस विसरला तरी कुणाच्या कानाला कळत नाही, पडद्यावरच्या लाल अक्षरांतून फक्त दिसतं.

आवर्तन आणि मात्रा

तालाच्या माणसाला आवडेल आणि सुरुवातीला चकवेलही अशी गोष्ट इथे आहे. टायडलमध्ये एकक मात्रा नाही, आवर्तन आहे. एका सेकंदात किती आवर्तनं, हा आकडा म्हणजे लय. मूळ सेटिंग ०.५६२५ असतं. आवर्तनात चार ठोके धरले तर ते मिनिटाला १३५ ठोके होतात. आपल्याकडे मात्रेची लांबी लयीने ठरते आणि तीनतालात सोळा मात्रा झाल्या की आवर्तन पुरं होतं. टायडलमध्ये आवर्तनाची लांबी आधी ठरते, आणि अवतरणात जितके शब्द असतील तितके समान तुकडे त्यात कोंबले जातात. म्हणून कुणी उत्साहाने तीनतालाचे सोळा बोल एका ओळीत लिहिले की मिनिटाला ५४० मात्रांचा भडिमार ऐकू येतो. कोड बरोबरच असतो. फक्त सोळा मात्रा एका आवर्तनात बसवल्या गेलेल्या असतात.

उपाय दोन आहेत. एक म्हणजे लयच बदलणे: सेटसीपीएस (१२०/६०/१६). पण ही लय सगळ्या वादकांना लागू होते, म्हणजे बाकीचे चार ठोक्यांचे ठेके एकदम सुस्तावतात. दुसरा उपाय आम्हाला जास्त सोयीचा वाटतो. लय सेटसीपीएस (१२०/६०/४) ठेवायची आणि तीनताल चार आवर्तनांवर पसरायचा. मग टायडलचं प्रत्येक आवर्तन म्हणजे एक विभाग, आणि मात्रा मिनिटाला १२०.

या लिपीचं तबल्याशी असलेलं नातं वरवरचं नाही. अवतरणातल्या कंसांची कल्पना बर्नार्ड बेल यांच्या बोल प्रोसेसरवरून आली आहे. तो प्रोग्रॅम १९८० च्या दशकात जेम्स किपेन यांच्या लखनौच्या तबल्यावरील संशोधनासाठी, कायदे या तबल्यातल्या रचनांचं व्याकरण लिहून काढायला बनवला गेला होता. चौकोनी कंसातले बोल एका मात्रेच्या जागेत मावतात, ही युक्ती पंडितांच्या वहीतल्या मात्रेखालच्या अर्धचंद्रासारखीच. ‘~’ म्हणजे रिकामी जागा. तारांकन म्हणजे तेवढ्या वेळा.

स्वतःच्या तबल्याचे बोल वापरायचे असतील तर प्रत्येक बोलाचा वेगळा फोल्डर करा: धा, धिन, तिन, ता, नावं इंग्रजी अक्षरांत. आत डब्ल्यूएव्ही फाइल. हे चारही फोल्डर एका मोठ्या फोल्डरमध्ये ठेवून त्याचा पत्ता सुपरकोलायडरच्या स्टार्टअप फाइलमध्ये द्यायचा, आणि पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ व तारांकन हवं. विंडोजवरही रेघ पुढे झुकलेलीच लिहायची. एका फोल्डरमध्ये अनेक फाइल असतील तर क्रमांक नावाच्या वर्णक्रमाने पडतात. मधल्याच एखाद्या नावाची नवी फाइल घातली तर पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि जुना कोड भलताच बोल वाजवू लागतो. नावाच्या सुरुवातीला ००, ०१ असे आकडे दिले की ही भानगड उरत नाही.

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीची शांतता कापून टाका. थाप पडण्याआधी नुसती ०.०३ सेकंदांची शांतता राहिली तरी तो बोल कायम मागे पडल्यासारखा वाटतो, आणि दोष लयीला दिला जातो. डग्ग्याची आस (थापेनंतर घुमत राहणारा आवाज) मात्र लांब ठेवा, कारण टायडल पुढचा बोल आधीच्या आसेवरच वाजवतं. आस तोडायचीच असेल तर ‘# कट १’ आहे.

डी१ $ स्लो ४ $ साउंड "[धा धिन धिन धा] [धा धिन धिन धा] [धा तिन तिन ता] [ता धिन धिन धा]" # गेन "१ ०.९५ ०.८ ०.९५"

गेन म्हणजे आवाजाचा जोर. इथे एक बारकावा बघा. डॉलरचं चिन्ह उजवीकडचं सगळं एकत्र बांधून घेतं, त्यामुळे ‘स्लो ४’ बोलांना लागतं तसं गेनलाही लागतं. चार आकडे चार मात्रांना मिळत नाहीत, चार विभागांना मिळतात. आणि तेच हवं आहे: तिसरा विभाग खालीचा, तो हलका वाजतो. प्रत्येक विभागाच्या पहिल्या मात्रेला वजन द्यायचं असेल तर ‘स्लो’ पासून अवतरण संपेपर्यंत गोल कंस करा आणि गेन कंसाबाहेर ठेवा.

डी१ $ (स्लो ४ $ साउंड "…") # गेन "१ ०.८५ ०.८५ ०.९"

(टिंबांच्या जागी वरचाच ठेका.) गेनचा आकडा सरळ प्रमाणात उतरत नाही, थोडा कमी केला तरी आवाज बराच खाली जातो. ०.८ च्या खाली जाताना कानाने तपासत जा.

रूपक लिहायला एक छोटी युक्ती आहे. नावापुढे कंसात दोन आकडे दिले तर टायडल तितके ठोके तितक्या जागांवर शक्य तेवढे सारखे वाटतं. (३,७) म्हणजे सात जागांवर तीन ठोके, आणि वाटणी होते २, २, ३. रूपकाचे विभाग ३, २, २ आहेत. तिसरा आकडा देऊन आवर्तनाची सुरुवात चार जागा पुढे सरकवली की तेच मिळतं: (३,७,४). पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर ठोका. मंजिरीचा एखादा आवाज यावर ठेवून वर ठेका लिहिला की विभाग स्पष्ट ऐकू येतात.

समेवर बदल

टायडलचं घड्याळ एडिटर उघडल्यापासून अखंड चालू असतं. तुम्ही कळ दाबता तेव्हा नवीन ओळ पहिल्या बोलापासून सुरू होत नाही, घड्याळ जिथे असेल तिथून ऐकू येते. चार आवर्तनांवर पसरलेला तीनताल म्हणून कधी अकराव्या मात्रेपासूनच कानावर पडतो. सुरुवातीला एकदा ‘रिसेटसायकल्स’ (मधला सी मोठा) पाठवला की मोजणी शून्यावर येते आणि सम हाताशी लागते.

चालू वादनात ठेका बदलताना मात्र घड्याळाला हात लावू नका, बाकीचे वादकही उडी मारतील. त्याऐवजी ‘डी१ $’ च्या जागी हे लिहा:

जंपमॉड १ ४ $ स्लो ४ $ साउंड "…"

‘जंपमॉड’ मधला एम मोठा. १ म्हणजे पहिला वादक, ४ म्हणजे चाराने भाग जाणाऱ्या आवर्तनावरच बदल. आपला तीनताल चार आवर्तनांचा आहे, म्हणून ही जागा नेमकी सम. कळ पाचव्या मात्रेला दाबा की तेराव्या, जुना ठेका सोळा मात्रा पुऱ्या करतो आणि नवा धा समेवर पडतो. रूपकासाठी आकडा ४ ठेवून चालणार नाही: रूपक जितक्या आवर्तनांवर पसरला असेल तोच आकडा द्यायचा, एका आवर्तनात बसवला असेल तर १.

अजूनही काहीच वाजत नसेल तर साखळीच्या शेवटून तपासायला लागा. सुपरकोलायडरचा सर्व्हर (आवाज स्पीकरपर्यंत पोचवणारा त्याचा भाग) सुरूच झाला नसेल तर बहुतेकदा माइक आणि हेडफोनचे सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घेतली जातात तो आकडा) वेगळे असतात, एक ४४१०० आणि दुसरा ४८०००. ब्लूटूथ हेडसेट जोडला की मॅकवर हे हमखास होतं. दोन्ही सारखे करा, किंवा इनपुट चॅनेलची संख्या शून्य करून सर्व्हर पुन्हा सुरू करा. सर्व्हर चालू आहे पण मेमरी अपुरी असल्याची तक्रार येतेय, तर स्टार्टअप फाइलमधला मेमरीचा आकडा दुप्पट करा. सर्व्हर ठीक, पोस्ट विंडोत तक्रार नाही, मग एडिटरच्या टर्मिनलमध्ये सुपरडर्टशी जोडणी झाल्याची ओळ आहे का बघा. तीही असेल, तर फाइलचं नाव आणि कर्सर कुठल्या ओळीवर आहे एवढंच तपासायचं राहतं.